कापडाच्या भिंतीतलं दार

५ सप्टेंबर

टिटवे,

आम्ही जिवंत आहोत.

हीच पहिली ओळ लिहा म्हटलं, तर कंडक्टर म्हणाले, "आजी, पत्रात आधी आशीर्वाद असतो." मी म्हटलं, आशीर्वाद द्यायला आजी शिल्लक आहे हे पोरीला आधी कळू दे की. आता घे आशीर्वाद. पुरून उरेल इतका आहे.

परकं अक्षर बघून दचकू नकोस. गल्लीच्या तोंडाशी राहणारे आपले कंडक्टर लिहितायत. शाळेत जाताना ज्यांच्या घंटीची दोरी ओढून तू भलत्याच ठिकाणी बस थांबवायचीस, तेच. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माणूस उभ्या उभ्याच लिहितो. बसा म्हटलं तर म्हणतात, सवय नाही.

फोन का केला नाही, म्हणशील. फोन आहे तुझ्या बापाचा, आणि त्या नंबरावरून आलेला फोन तू उचलत नाहीस. मी तुला बोल लावत नाही. नुसतं लिहून घेतेय.

डोंगर सरकला. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सकाळीच भोंगा लावलेली गाडी आली होती, "लाल फुलीची घरं आधी रिकामी करा" म्हणून ओरडत. लाल फुलीची घरं म्हणजे वरची आळी आणि आपली अख्खी गल्ली. त्या फुल्या कुणी मारल्या, ते मी तुला काय सांगू! लोक कुरकुरत, शिव्या घालत उतरले. शिव्या कुणाला, तेही सांगत नाही. खाली रस्त्यावर येऊन मागे वळतात तर वरचा उतार असा निघून आला, जशी दुधावरची साय चमच्याने ओढावी. वरच्या आळीतली घरं गाडली गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

आपलं घर उभं आहे. इथून दिसतंसुद्धा. पण आत जायची बंदी, कारण ते उभं आहे म्हणण्यापेक्षा टेकलंय म्हणावं. तुझ्या आजोबांना मी जन्मभर 'नाचता येईना अंगण वाकडं' असं ऐकवत आले. आता अंगण खरोखरच वाकडं झालं, तर ऐकवायला ते नाहीत.

आम्हाला ठेवलंय काचसामानाच्या एका जुन्या गोदामात. माल कधीच गेला, लाकडी खोकी तेवढी राहिली आहेत. खोक्यांवर काय लिहिलंय असं मी विचारलं, तर कंडक्टर म्हणाले, "जपून उचला, आत काच आहे." म्हटलं, चला, कुणीतरी आमची काळजी आधीच लिहून ठेवलीय. जमिनीवर खडूने रेघा मारून प्रत्येकाला जागा दिली आहे, माणशी एक अंथरूण. मध्ये दोऱ्या बांधून चादरी सोडल्या, त्या झाल्या भिंती. भिंतीला कान असतात म्हणतात ना? इथल्या भिंतींना नुसते कानच आहेत, बाकी काही नाही. आत यायचं तर चादरीबाहेर खाकरायचं, अशी रीत आपोआप पडली. त्यामुळे ज्याला खरंच खोकला झालाय त्याची पंचाईत. कंडक्टर खोकले की आजूबाजूच्या चार घरांतून "या, या" असा आवाज येतो.

आता तुझ्या बापाचा पराक्रम ऐक. घरातलं गरजेचं सामान आणायला प्रत्येकाला एकदाच वर सोडलं, तेही पोलिसांच्या नजरेखाली. कुणी पेटी आणली, कुणी गाद्या, न्हाव्याने आपली फिरती खुर्ची आणली. मी बजावून सांगितलं होतं, माझा पितळी डबा आण, ऊबदार पांघरूण आण. आणि हा काय घेऊन आला? दार. घराचं पुढचं दार, बिजागऱ्यांतून काढून, पाठीवर घालून, मुंगीने साखरेचा दाणा न्यावा तसा उतारावरून वाकत वाकत. खोक्यांच्या फळ्यांची चौकट केली आणि आमच्या चादरीच्या भिंतीत ते दार उभं केलं. कडीसकट! झोपताना ती कडी लावतो. कापडाच्या घराला कडी! मी म्हटलं, चोर आला तर त्याला सांगावं लागेल, बाबा, दार बंद आहे, शेजारची चादर उचलून ये.

पण गंमत बघ. चादर उचलून कुणीही आत येऊ शकतं, पण येत कुणी नाही. सगळे दारावर टकटक करतात.

फुगलेल्या कडांवर त्याने रंधा मारला. तुझ्या लाल फुलीला हात लावला नाही. मी म्हटलं, रंग देऊन टाक. म्हणाला, "राहू दे."

तू मोजमापवाल्यांची नोकरी धरलीस, साहेबांबरोबर आपलीच गल्ली मोजायला आलीस, आणि धोक्याच्या घराची सगळ्यात पहिली फुली आपल्या दारावर मारलीस. बाप म्हणाला, "ज्या घराला फुली मारलीस त्याचं दार तुला बंद." तू म्हणालीस, "बरं." त्याला दोन वर्षं होऊन गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुम्हा दोघांत सुंभ कुठे संपतो आणि पीळ कुठे सुरू होतो, तेच मला कळत नाही.

एक राहिलं. इथली व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी विचारलं, माणसं किती? गळ्यात शिट्टी असते म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. मी म्हटलं, तीन. तुझ्या बापाने माझ्याकडे बघितलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा जागा तीन अंथरुणांची मिळाली. तिसरं अंथरूण दुमडून ठेवलंय.

मी तुला ये म्हणत नाही. जागा आहे, एवढंच कळवते. माझी तब्येत ठणठणीत. चालते, फिरते.

तुझी आजी

(कंडक्टरकडून: आजी चालत-फिरत नाहीत. उतरताना घोटा मुरगळला असून सुजून भोपळा झाला आहे. हे कळवू नका असे त्यांनी सांगितले नव्हते. सांगणार होत्या, त्याआधीच मी लिहून टाकले.)

१६ सप्टेंबर

टिटवे,

तुझं पाकीट आलं. "घोट्याला शेक दे" हे वाक्य आलं तेव्हा मी कंडक्टरांकडे बघितलं. कंडक्टर छताकडे बघत होते. विश्वासाने मजकूर सांगावा, तर हे लोक ध चा मा करतात. आज लिहून झाल्यावर मी कागदाच्या तळाशी हात ठेवून बसणार आहे, एक अक्षर जास्त घुसू देणार नाही.

आजीची आठवण एका ओळीत आणि फरशीची चौकशी पानभर! बरं, घे उत्तरं. गोदामाची मागची भिंत ओली असते, तिकडची फरशीही सादळलेली. पुढची बाजू कोरडी. नळाजवळ एक चीर आहे. कंडक्टरांनी खिशातलं जुनं तिकीट तिच्यात घालून बघितलं, तिकीट आत गेलं नाही. ते म्हणतात, ही चीर बिनातिकिटाची आहे. आता झोप येईल ना तुला?

तू विचारलंस, लोक अजून माझ्यावर रागावलेत का. गोड बोलायचं तर नाही. खरं बोलायचं तर कुणी आहे, कुणी नाही. पाकीट वाचायला कंडक्टरांनी आवाज कितीही दाबला तरी इथे पत्र एकाचं आणि ऐकणारे सगळे. तुझा प्रश्न ऐकून आमच्या मागच्या चादरीतून न्हावी म्हणाला, "आजी, तिला लिहा, त्या फुलीमुळे आज मी दाढ्या करतोय. नाहीतर माझं डोकं कुठे असतं, देव जाणे." त्यावर पलीकडून शिंपीणबाई म्हणाली, "फुली मारली तेव्हापासूनच घरांना नाट लागली." मी म्हटलं, "शिंपीणबाई, टिटवी ओरडली म्हणून संकट आलं की संकट येत होतं म्हणून टिटवी ओरडली?" ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, पण माझं शिवणयंत्र वर अडकलंय." तिचंही खरंच आहे. ज्याचं यंत्र वर अडकलंय, त्याला डोंगर शहाणा वाटत नाही आणि तूही.

मग तुझी शेवटची ओळ. "ज्याने दार लावलं त्याने स्वतःच्या हाताने उघडलं, तर येईन."

कंडक्टरांनी ती अगदी हळू वाचली. तुझा बाप चादरीपलीकडे खोक्याची फळी रंधत होता. रंधा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, तो बराच वेळ. नंतर बघते तर फळीची पट्टी झाली होती.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "ऐकलंस ना?"

"काय?"

"तेच, पत्रातलं. कानात भुसा गेला वाटतं."

"आई, जेव."

एवढाच काय तो संवाद. तुला वाटेल, दगड आहे. मला विचारशील तर दगडापेक्षा वीट मऊ. दगड निदान बाहेरून तरी खरं बोलतो. हा भांडं धुताना तुझ्या अंथरुणाला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून लांब जाऊन बसतो, आणि मी बघितलं की म्हणतो, "इकडे उजेड आहे."

मी तुला ये म्हणत नाही. तुझी अट तुझ्यापाशी. पण दार ज्याने लावलं तोच ते पाठीवर घेऊन डोंगर उतरला, हेही तुझ्या मोजमापात कुठेतरी लिही.

तुझी आजी

(कंडक्टरकडून: आजींनी हात काढून घेतला. सूज उतरत आहे.)

२७ सप्टेंबर

टिटवे,

आज बातमी गोड नाही, म्हणून पाल्हाळ नको.

वरच्या आळीतला रंगारी आठवतो? तू फुली मारून गेल्यावर ज्याने स्वतःच्या दारावरच्या फुलीवर चुना फासला, आणि दुसऱ्या दिवशी तुझी मोजायची टेप हिसकावून गटारात फेकली, तो. डोंगर आला तेव्हा तो बायकोला घेऊन मेहुण्याकडे गेला होता. तिथे बिनसलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. याला वासेही उरले नाहीत आणि मेहुणाही फिरला. परवा दोघं इथे आले. बायकोला दिवस भरलेत. जागा उरली होती ती मागच्या ओल्या भिंतीशी. खाली प्लास्टिक, त्यावर पोती, पोत्यांवर ती. सकाळी उठते तेव्हा पाठ भिजलेली असते. वीस-बावीसची असेल. तुझ्याएवढी.

काल शिट्टीबाई मोजणीला आल्या. आमच्या दारावर टकटक केली, आत आल्या, दुमडलेल्या अंथरुणाकडे बघितलं.

"आजी, तिसरं माणूस कुठे आहे?"

माझ्या जिभेला इतक्या वर्षांत हाड कधी नव्हतं, काल मात्र आलं. त्या पोरीची ओली पाठ डोळ्यांसमोर होती. मी म्हणणार होते, बाई, नाही तिसरं माणूस, द्या त्यांना जागा. टिटवे, राग मान किंवा मानू नकोस, पण मी म्हणणारच होते.

तेवढ्यात तुझा बाप उठला. हातात पटाशी तशीच. म्हणाला, "ती जागा माझ्या मुलीची आहे."

माझ्या मुलीची. दोन वर्षांत तुझा उल्लेख 'ती' असासुद्धा केला नव्हता त्याने.

शिट्टीबाई म्हणाल्या, "कुठे आहे मुलगी?"

"येईल."

"कधी?"

याला उत्तर त्याच्याकडे कुठलं असायला! तुला कधी विचारलं असतं तर ना. शिट्टीबाई वाईट नाहीत. त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. तोपर्यंत मुलगी आली तर जागा मुलीची, नाही तर रंगाऱ्याची.

रंगारी चादरीबाहेरच होता. सगळं ऐकलं त्याने. जाताना तुझ्या बापाला म्हणाला, "जी इथे नाही तिला जागा, आणि जी आहे ती चिखलात. शाबास!" कधी नव्हे ते तुझा बाप बरोबर होता आणि रंगारीही बरोबर होता. असल्या वेळी माणसाने काय करावं ते मला कुणी शिकवलं नाही. अक्षरं नाही शिकवली त्याचं दुःख नाही, पण हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

न्हावी म्हणाला, आम्ही सगळे थोडे थोडे सरकून जागा करू. सरकून बघितलं. सगळे सरकले की जागा होते ती मागेच, ओल्या भिंतीशी.

आता तू म्हणशील, आजी मला बोलावतेय की थांबवतेय? मला ठाऊक नाही. तू आलीस तर माझा जीव थंड होईल आणि त्या पोरीची पाठ. म्हणून मी तुला ये म्हणत नाही. नको येऊसही म्हणत नाही. शनिवार कळवला. बसच्या वेळा कंडक्टर खाली लिहितील. आज त्यांना जास्तीचं लिहायची मुभा आहे.

तुझी आजी

(कंडक्टरकडून: सकाळची पहिली गाडी सहाला सुटते, बसायला जागा मिळते. दुपारची दीडची उभ्याने. संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही. घाटात अजून एकेरी वाहतूक आहे. मी दिवसभर थांब्यावर असेन.)

५ ऑक्टोबर

टिटवे,

अक्षर ओळखलंस ना? हो, तोच.

कंडक्टरांचा चष्मा फुटला. कसा, ते सांगते. लिहिता येणारे बाकीचे कामाला गेलेत. मी म्हटलं, "बस आणि मी सांगेन ते जसंच्या तसं लिही. गाळलंस तर मला कळेल. तुझी पेन्सिल थांबली की ऐकू येतं मला." कानामागची सुताराची पेन्सिल आहे, अक्षरं दांडगी आली असतील. लिही, तुझा बाप हट्टी आहे. थांबलास का? लिही. "लिहिलं," म्हणतो.

शनिवारी तू आली नाहीस. मी काही वाट बघत नव्हते. दारापाशी उजेड बरा येतो म्हणून तिथे बसले होते. बस वाजली की उठत होते ती पाय मोकळे करायला. कंडक्टर थांब्यावरून तीनदा हात हलवत परत आले. तुला सुटी मिळाली नसेल, किंवा अट मोडायची नसेल. काय ते तुझं तुला माहीत. मी विचारत नाही.

दुपारी रंगाऱ्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी पलीकडच्या छावणीत गेलेली, आणि मूल थांबायला तयार नाही. नर्सबाई तेवढ्या धावत आल्या. मागच्या भिंतीपाशी गेल्या, फरशीला हात लावला आणि ओरडल्या, "या ओलीत मी बाळंतपण करणार नाही! खाट आणा आधी!" खाट कुठून आणायची? अख्ख्या गोदामात एक खाट नाही. न्हाव्याने आपली खुर्ची पुढे केली. नर्सबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीसकट मागे गेला.

तेव्हा तुझ्या बापाने पेचकस घेतला आणि दाराच्या बिजागऱ्या उघडायला लागला.

कुणाला काही कळेना. एक एक स्क्रू काढून दाताखाली धरत होता. दार सुटलं तसं एका बाजूने त्याने उचललं, दुसऱ्या बाजूने कंडक्टरांनी. खाली तीन-चार खोकी सरकवली, वर दार आडवं घातलं. त्यातच कंडक्टरांचा चष्मा खिशातून पडला आणि बरोबर खोक्याखाली गेला. 'जपून, आत काच आहे' असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली काच! स्वतःच हसत होते बिचारे.

खोकी मांडली ती कुठे? तुझ्या जागेवर. दुमडलेलं अंथरूण त्यानेच उलगडलं आणि दारावर घातलं. सगळ्या गोदामात सगळ्यात कोरडी जागा तीच. का तीच, ते आता सांगते. पहिल्या दिवशी, जागा आखून मिळाली तेव्हा, हा गुडघ्यावर बसून फरशीला तळहात लावत लावत फिरला. मला वाटलं, काही हरवलंय याचं. मग कोरडा कोपरा सापडला तिथे तुझं अंथरूण ठेवलं. माझं नाही, स्वतःचं नाही, तुझं.

थांबली बघ पेन्सिल. लिही. मी सांगितलं होतं, शब्द गाळायचा नाही.

शिट्टीबाई आल्या होत्या, हातात मोजणीचा कागद. हा त्यांना म्हणाला, "जागा माझ्या मुलीचीच आहे. तिच्या नावावरून काढू नका. सध्या तिच्या जागेवर ही झोपेल." शिट्टीबाईंनी कागदाची घडी केली आणि चादरी आवळून धरायला उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी शिट्टीशिवाय झालं.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आवाज असा की गोदामाचे पत्रे हादरले. न्हावी म्हणाला, "घ्या, दुसरी टिटवी आली!" आणि शिंपीणबाई, यंत्र वर अडकलेली, आपल्या भिंतीची चादर सोडून घेऊन आली आणि फाडून तिची दुपटी केली. म्हणजे दाराची खाट झाली आणि भिंतीची दुपटी. आता शिंपीणबाईचं घर दोन बाजूंनी उघडं आहे. म्हणते, वारा छान येतो.

रंगारी बाहेर घोटाळत होता. इथे सगळ्यांना या दारावर टकटक करायची सवय, आणि दारच नाही. उभा राहिला चौकटीत. मग खाकरला. आम्ही सगळे एकदम म्हणालो, "या."

आत आला. बायकोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग अंथरूण जिथे संपतं तिथे फळीवर दिसणारी तुझी लाल फुली बघत राहिला. रंगाची पारख असलेला माणूस, दोन वर्षं झाली तरी फिकी पडली नाही हे त्याला दिसलं असणार. वळून मला म्हणाला, "आजी, तिची टेप मी टाकली होती. नवी घेऊन देईन म्हणावं." जन्मभर भिंती रंगवल्या, पण शब्दाला रंग लावता येत नाही बिचाऱ्याला. मी म्हटलं, तिलाच दे, ती आली की.

तर टिटवे, आता खरं ते सांगते. तुझी जागा गेली. आणि तुझी अटही गेली. तू म्हणाली होतीस, ज्याने दार लावलं त्याने उघडावं. त्याने उघडलं नाही. त्याने ते काढून आडवं घातलं. आता तुला अडवायला एक चादर आहे, आणि चादरीचं काय, खाकरलं की झालं.

अंथरूण माझ्यापाशी एकच आहे. दोघी मावू. लहानपणी झोपेत लाथा मारायचीस तेवढ्या मारू नकोस, घोटा अजून दुखतो. घे, कबूल केलं.

आणि इतक्या पत्रांत जे म्हटलं नाही ते आता म्हणते. ये.

झालं माझं. सांगणं संपलं तरी याची पेन्सिल चालूच आहे. काय लिहितोस रे? "पत्ता," म्हणतो. एवढा लांब पत्ता? लिहू दे. वाचता येत नाही ते कधी कधी बरं असतं.

तुझी आजी

आईने सांगितले ते वर लिहिले. पुढचे माझे.

गोदामामागच्या मैदानात पत्र्याच्या खोल्या बांधणार आहेत. दारे-चौकटी करायचे काम मला दिले आहे. लाकूड येऊन पडले आहे. माती भरावाची वाटते. आपली खोली टोकाला, उताराकडे दाखवतात. मला लाकूड कळते, जमीन कळत नाही. तू येऊन बघ. तू हो म्हणेपर्यंत मी एकही चौकट रोवणार नाही. लोक रोज विचारतात, काम कधी सुरू करणार. मी सांगतो, माझी मुलगी येऊन बघेल, मग.